शिळ्या नकाशाची किंमत

२००६ सालच्या 'गोल्ड विंग' या आपल्या भल्या थोरल्या मोटरसायकलवर होंडा कंपनीने दोन नव्या गोष्टी देऊ केल्या. एक एअरबॅग आणि दुसरा वाट दाखवणारा पडदा. तोवर लांबच्या प्रवासाला निघणारे स्वार पेट्रोलच्या टाकीवर पारदर्शक पिशवी अडकवून तीत घडी घातलेला नकाशा ठेवत, किंवा हँडलवर बाहेरून एखादे छोटे यंत्र बसवून घेत. गोल्ड विंगवर हे यंत्र कारखान्यातूनच, गाडीचा एक अवयव म्हणून आले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटरसायकलींमध्ये अशी अंगची सोय असलेल्या पहिल्या काही गाड्यांत तिची गणना होते. उपग्रहांचे संदेश घेणारी यंत्रणा गार्मिन या अमेरिकी कंपनीच्या साहाय्याने तयार झाली होती.

एअरबॅग वीस वर्षे न उघडता पडून राहिली तरी तिचे काम चालूच असते, किंबहुना ती न उघडावी अशीच मालकाची प्रार्थना असते. नकाशाचे उलट आहे. तो न बदलता पडून राहिला की रोज थोडाथोडा खोटा होत जातो आणि पडद्याकडे पाहून ते कळत नाही. टायर झिजला की दिसतो, साखळी सैल झाली की वाजते. नकाशा झिजल्याचा आवाज होत नाही. म्हणून त्याच्या नूतनीकरणाचे पैसे मागितले गेले की मालकाला ते अन्यायाचे वाटतात. गाडी घेताना नकाशा घेतलाच होता, मग आता कशाचे पैसे? माझा पोटापाण्याचा व्यवसाय मोटरसायकलच्या सुट्या भागांचा असल्याने हा प्रश्न मी दुकानात ऐकत आलो आहे. या लेखात त्याचे उत्तर जुन्या काळापासून शोधायचे आहे. रस्त्यांचे नकाशे ताजे ठेवण्याचा खर्च आजवर कुणी केला, कसा केला आणि तो कुणाच्या माथी मारला, एवढाच माझा विषय.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. वाट दाखवणारे यंत्र दोन वेगळ्या गोष्टी सांगते. 'तू कुठे आहेस' ही एक, आणि 'इथून रस्ता कुठे जातो' ही दुसरी. पहिली गोष्ट आज फुकट आहे. अमेरिकी अंतराळ दलाचे उपग्रह ती साऱ्या जगाला पुरवतात आणि त्याचा खर्च अमेरिकी करदाता उचलतो. १९८३ साली कोरियाचे प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले, त्यानंतर रेगन यांनी ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. मे २००० मध्ये क्लिंटन यांच्या आदेशाने त्या संदेशात मुद्दाम घातलेली अशुद्धता काढून टाकली गेली आणि शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र काही मीटरवर आले. हँडलवरची यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी झाली ती तेव्हापासून.

दुसरी गोष्ट फुकट नाही, कधीच नव्हती. डोंगर जागचे हलत नाहीत, रस्ते हलतात. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. वीस वर्षे दुर्बिणीसारखे अवजड यंत्र टेकड्यांवर चढवत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याने ठरवलेले बिंदू पुढच्या पिढ्यांनी अधिक अचूक केले, पण टाकून दिले नाहीत. ते काम एकदा करायचे होते. त्याच बिंदूंच्या मधल्या बैलगाडीच्या वाटांचा नकाशा मात्र त्याच्या हयातीतच दहादा जुना झाला असेल. ठिकाण टिकते, वाट टिकत नाही. पैशाचा सगळा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

रस्त्यांच्या नकाशांचा इतिहास सांगताना इंग्लंडातल्या जॉन ऑगिल्बीपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे आणि ती मला मोडवत नाही, कारण तो माझा आवडता माणूस आहे. मूळचा नृत्यशिक्षक, मग डब्लिनमध्ये नाट्यगृह काढणारा, मग उतारवयात ग्रीक शिकून होमर भाषांतरित करणारा, मग प्रकाशक. १६६६च्या लंडनच्या आगीत त्याचे होते नव्हते ते गेले. त्यानंतर तो मोजणीदार झाला आणि १६७५ मध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीत, त्याने 'ब्रिटानिया' नावाचा ग्रंथ काढला. त्यात शंभर ताम्रपटांवर इंग्लंड आणि वेल्समधील मुख्य रस्ते एका मैलाला एक इंच या प्रमाणात कोरलेले होते. अंतर मोजण्यासाठी माणसे दांड्याला जोडलेले मोठे चाक ढकलत रस्ताभर चालली. कागदाची गुंडाळी उलगडावी तसा रस्ता पानावर खालून वर चढत जातो, फाटे दोन्ही बाजूंना दाखवून सोडून दिलेले असतात. आजच्या यंत्राच्या पडद्यावर रस्ता जसा पुढे पुढे सरकतो, तशीच ही रचना आहे.

पुढच्याच वर्षी ऑगिल्बी वारला. १६९८ मध्ये 'ब्रिटानिया' पुन्हा छापली गेली, ती त्याच पत्र्यांवरून, जवळजवळ काहीही न बदलता. तेवीस वर्षांत इंग्लंडचे रस्ते बदलले नव्हते असे नाही. पत्रा बदलणे महाग होते. ताम्रपटावरची एक रेघ पुसायची तर पाठीमागून हातोडीने ठोकून तो भाग वर आणायचा, घासून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचा. हे कुशल माणसाचे काम. आणि त्याआधी कुणीतरी पुन्हा चाक ढकलत जायला हवे, ते वेगळेच. १७२०च्या सुमारास लंडनच्या इतर प्रकाशकांनी ऑगिल्बीच्या पट्ट्या लहान करून खिशात मावतील अशा आवृत्त्या काढल्या. चाक कुणीही ढकलले नाही. ऑगिल्बीचा नकाशा शिळा होऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती आणि तोच नव्या बांधणीत, नव्या किमतीला विकला जात होता. नकाशाच्या धंद्यातील ही पहिली मोठी फट मानायला हरकत नाही. मोजणीचा खर्च एकाचा आणि विक्री दुसऱ्याची.

समुद्रावर मात्र हे चालण्यासारखे नव्हते. शिळ्या नकाशाने घोडागाडी चिखलात रुतते, जहाज फुटते. ब्रिटिश नौदलाच्या जलमापन खात्याने १८३४ पासून 'नाविकांसाठी सूचना' काढायला सुरुवात केली. कुठे नवा खडक सापडला, कुठला दीप विझला, कुठे बोया हलवली, हे त्यात असे. पुढे ती दर आठवड्याला निघू लागली आणि आजही निघते. ही सूचना फुकट असते. नकाशा मात्र विकत घ्यायचा, आणि सूचनेप्रमाणे त्यावर दुरुस्ती करायची ती जहाजावरच्या अधिकाऱ्याने, स्वतःच्या हाताने, जांभळट शाईने. मला ही वाटणी फार समंजस वाटते. माहिती सरकारने गोळा करायची, मेहनत वापरणाऱ्याने करायची, आणि दुरुस्ती कुठल्या तारखेपर्यंत केली आहे ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचे. नकाशा किती शिळा आहे हे त्यावरच नोंदवण्याची ही पद्धत रस्त्यावरच्या यंत्रांत फारशी उतरली नाही. पडद्यावर नकाशाची तारीख शोधायची म्हटली तर चार-पाच पाने उलटावी लागतात.

मोटारी आल्या तशी वाट दाखवणाऱ्या यंत्रांची हौसही आली. अमेरिकेत १९०९ मध्ये जोन्स नावाच्या गृहस्थाने 'लाइव्ह मॅप' काढला. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी कागदी तबकडी, चाकाला तारेने जोडलेली. गाडी चालेल तशी ती फिरे आणि काटा 'इथे डावीकडे' अशी सूचना दाखवी. एक तबकडी सुमारे शंभर मैल पुरे. पुढच्या प्रवासाला नवी तबकडी घ्यायची. १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये मनगटावर बांधायचा, हाताने गुंडाळी सरकवायचा नकाशा निघाला. मोटरसायकलींच्या शर्यतींत हँडलवर कागदाची गुंडाळी बसवण्याची रीत तर अगदी अलीकडेपर्यंत टिकली. या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. यंत्र एकदा घ्यायचे, पण कागद पुन्हा पुन्हा घ्यायचा. आज ज्याला आपण नकाशाचे नूतनीकरण म्हणतो त्याचे पैसे तेव्हा नव्या तबकडीच्या किमतीत नकळत दिले जात.

मग अमेरिकेत एक चमत्कार झाला. रस्त्याचा नकाशा फुकट मिळू लागला. १९१३च्या डिसेंबरात गल्फ ऑइल कंपनीने पिट्सबर्गमध्ये आपला पेट्रोलपंप उघडला आणि त्यानंतर गिऱ्हाइकांना नकाशे वाटायची प्रथा पडली. पुढची साठ वर्षे जवळजवळ प्रत्येक तेल कंपनी हे करत होती. दरवर्षी नवी आवृत्ती, घडी घातलेली, पंपावरच्या खोक्यातून उचलायची. रँड मॅकनॅली, गौशा आणि जनरल ड्राफ्टिंग या तीन कंपन्या बहुतेक नकाशे काढून देत. पैसे तेल कंपनी देई आणि ती ते पेट्रोलमधून वसूल करी. लोक जितके जास्त हिंडतील तितके पेट्रोल जास्त जळेल, हा साधा हिशेब. १९७३च्या तेलटंचाईत पेट्रोल विकण्यासाठी कुणाला आमिष दाखवायची गरजच उरली नाही आणि फुकटचे नकाशे बघता बघता नाहीसे झाले. नकाशा ताजा ठेवण्याचा खर्च दुसऱ्या कुठल्या धंद्याच्या पोटात लपवता येतो, आणि तो धंदा बदलला की नकाशा उघड्यावर पडतो, हा धडा तिथे पहिल्यांदा मिळाला.

याच काळातली एक गंमत सांगतो. जनरल ड्राफ्टिंगच्या लिंडबर्ग आणि आल्पर्स या दोघांनी १९३०च्या दशकात न्यू यॉर्क राज्याच्या नकाशात आपल्या नावांची आद्याक्षरे उलटसुलट करून 'ॲग्लो' नावाचे खोटे गाव एका चौफुलीवर घातले. कुणी नकाशा चोरला तर गावासकट पकडला जाईल, हा हेतू. पुढे रँड मॅकनॅलीच्या नकाशात ॲग्लो दिसले. पण दरम्यान त्या चौफुलीवर कुणीतरी दुकान काढले होते आणि नकाशात पाहून त्याला 'ॲग्लो जनरल स्टोअर' असे नाव दिले होते! खोटा नकाशा खरा झाला होता. गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा गंभीर आहे. एवढे सापळे लावावे लागतात कारण नकाशा काढणे स्वस्त आणि पडताळणे महाग असते. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याने ऑटोमोबाइल असोसिएशनवर आपले नकाशे उचलल्याचा दावा लावला. खात्याने आपल्या नकाशांत रेघांच्या बारीकसारीक लकबी खुणेसाठी ठेवल्या होत्या. २००१ मध्ये असोसिएशनने २ कोटी पौंड देऊन ते प्रकरण मिटवले.

गाडीतच बसवलेल्या यंत्राची गोष्ट सुरू होते १९८१ मध्ये, आणि पुन्हा होंडापासून. 'इलेक्ट्रो गायरोकेटर' नावाच्या त्या यंत्रात उपग्रह नव्हते. वायूच्या झोतावर चालणारा दिशादर्शक होता आणि पडद्यावर पारदर्शक नकाशाचा पत्रा हाताने बसवायचा असे. गाडीचा ठिपका त्याखालून सरके. शहर बदलले की पत्रा बदला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात 'एटॅक' आले. स्टॅन हनी या शिडाच्या बोटी हाकणाऱ्या अभियंत्याचे ते काम होते. पैसा अटारीच्या नोलन बुशनेलचा आणि नाव पॅसिफिक बेटांवरच्या दर्यावर्दींच्या शब्दातले. यंत्राची किंमत सुमारे १,४०० डॉलरपासून पुढे, आणि नकाशे कॅसेटवर. मोठ्या शहराला एक कॅसेट पुरत नसे. कॅसेटींचे पैसे वेगळे.

एटॅकने आपला अंकीय नकाशा रचताना अमेरिकी जनगणना खात्याच्या रस्त्यांच्या नोंदींचा आधार घेतला होता. म्हणजे घराघरांवर हिंडण्याचा पहिला खर्च सरकारचाच. पण सरकारी नोंदीत रस्ता एकेरी आहे की दुहेरी, डावीकडे वळता येते की नाही, पूल किती उंच आहे हे नसते. ते जमवायला माणसे गाडी घेऊन हिंडावी लागतात आणि पुन्हा पुन्हा हिंडावी लागतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सुरू झालेली, पुढे नॅव्हटेक म्हणून ओळखली गेलेली कंपनी, आणि युरोपातली टेली ॲटलस, या दोघींनी हेच काम जगभर केले. बहुतेक गाड्यांतल्या यंत्रांमागे या दोघींपैकीच एक असे. डबीवर नाव होंडाचे, गार्मिनचे किंवा बीएमडब्ल्यूचे. आतला रस्ता यांचा.

आता मोटरसायकलवाल्याच्या हातात येणाऱ्या बिलाची फोड करता येते. रस्त्यांची नोंद ठेवणारी कंपनी प्रत्येक प्रतीमागे हक्काचे पैसे घेते. यंत्र बनवणारी कंपनी ती नोंद आपल्या यंत्राला कळेल अशा रूपात बांधते, तपासते, स्मृतीपत्रावर किंवा संकेतस्थळावर ठेवते. गाडी बनवणारी कंपनी आणि विक्रेता आपापला वाटा घेतात. यातला बांधणी-तपासणीचा खर्च गिऱ्हाइके लाख असोत की हजार, जवळपास तेवढाच असतो. मोटारी लाखांनी खपतात, पडदा बसवलेल्या मोटरसायकली त्या मानाने मूठभर. गाडी जुनी होते, तिचे मालक विखुरतात, नव्या नकाशाला गिऱ्हाईक कमी होते आणि माणशी खर्च चढतो. त्यात नकाशा दरवर्षी फुगतो, पण यंत्राची स्मृती पहिल्या दिवशी होती तेवढीच राहते. मग अर्धा देश भरा, अर्धा वगळा, अशी वेळ येते. शेवटी एक दिवस कंपनी त्या यंत्रासाठी बांधणीच थांबवते. हँडलवर बाहेरून लावलेले यंत्र काढून टाकता येते. अंगच्या यंत्राची जागा तशीच राहते. चांगली राखलेली मोटरसायकल वीस वर्षे सहज धावते, आणि तिच्या पोटातल्या नकाशाचे आयुष्य त्याच्या निम्मेही नसते.

गार्मिनने २००९च्या सुमारास यावर तोडगा काढला. एकदाच पैसे भरा आणि 'आजन्म' नकाशे घ्या. मला या 'आजन्म' शब्दाचे कुतूहल वाटले म्हणून मी त्याच्या अटी वाचल्या. आयुष्य मालकाचे नव्हे, यंत्राचे. तेही त्याची स्मृती आणि ताकद नव्या नकाशाला पुरेल तोवरचे. किंवा कंपनीला तिसऱ्या कंपनीकडून रस्त्यांची नोंद मिळत राहील तोवरचे. यांपैकी जे आधी संपेल ते. मालकाने बराच काळ नकाशा उतरवून घेतलाच नाही तरी आयुष्य संपले असे धरता येते. आपल्याकडे लग्नातले सातजन्मही इतक्या अटींवर होत नाहीत.

पण तोवर वरच्या मजल्यावर उलथापालथ झाली होती. २००७ मध्ये नोकियाने नॅव्हटेक घेण्यासाठी ८.१ अब्ज डॉलर मोजायचे ठरवले. टॉमटॉम आणि गार्मिन यांच्यात टेली ॲटलससाठी चढाओढ लागली, टॉमटॉमने ती २.९ अब्ज युरोला जिंकली. रस्त्यांची नोंद म्हणजे सोन्याची खाण, असे तेव्हा सगळ्यांना वाटत होते. आणि ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत टेली ॲटलसची नोंद सोडून स्वतःची वापरायला घेतली, आणि वळणावळणाची वाट सांगणारी सेवा फोनवर फुकट दिली. गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर त्या दिवशी धाडकन कोसळले. २०१५ मध्ये नोकियाने तीच नोंद, आता 'हिअर' नावाने, आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइम्लर यांना विकली. किंमत सुमारे २.८ अब्ज युरो. या तिघांतली बीएमडब्ल्यू मोटरसायकलीही बनवते. म्हणजे दुसऱ्याचा नकाशा बसवून विकणारी कंपनी आता नकाशाचीच भागीदार झाली.

फुकट म्हणजे खर्च संपला असे नव्हे, तो पुन्हा एकदा दुसऱ्या धंद्याच्या पोटात गेला. तेलाच्या जागी जाहिरात आली. आणि एक नवी गोष्ट घडली, जी पंपावरच्या नकाशात नव्हती. वापरणाराच मोजणीदार झाला. गाडी कुठे थांबली, कुठल्या वळणावर सगळे वेग कमी करतात, कुठल्या नव्या पुलावरून ठिपके जाऊ लागले, हे खिशातला फोन कळवत राहतो. ऑगिल्बीचे चाक आता आपण सगळे मिळून ढकलतो. इस्राएलच्या वेझ कंपनीचा सारा नकाशाच असा उभा राहिला होता, गूगलने २०१३ मध्ये ती घेतली. याच्या उलट टोकाला 'ओपनस्ट्रीटमॅप'. २००४ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट याने ते सुरू केले, ऑर्डनन्स सर्व्हेच्या नोंदी महाग आणि बंदिस्त आहेत या चिडीतून. तिथेही मेहनत फुकटची, पण नकाशा कुणा एकाचा नाही.

आपल्याकडचा मार्ग थोडा वेगळा आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेले भारतीय सर्वेक्षण खाते डेहराडूनहून नकाशे काढत असे आणि त्यांतले कितीतरी सामान्य माणसाच्या हाती पडत नसत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. दरम्यान मॅपमायइंडियाने १९९५ पासून माणसे रस्त्यावर पाठवून खाजगी नोंद उभी केली होती. गूगलने २००८ मध्ये 'मॅप मेकर' काढले, ते मुळात इथल्याच ललितेश कत्रगड्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम. लोकांनी आपापल्या गल्ल्या आखायच्या. २०१३ मध्ये त्यासाठी स्पर्धा झाली आणि सर्वेक्षण खात्याने तक्रार केली, प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीपर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र केंद्र सरकारने बहुतेक परवानग्याच काढून टाकल्या.

या सगळ्यात महाराष्ट्रातला दुचाकीस्वार कुठे आहे? एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे परदेशी बनावटीची मोठी गाडी आहे, तिच्यासोबत कंपनीनेच दिलेले वाट दाखवणारे यंत्र आहे. नवा नकाशा भरायला त्याला पुढच्या टायरच्या आसपासची रक्कम सांगितली गेली. तो चिडला आणि यंत्र माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, तुम्हीच बघा यात काय वाईट आहे." मी पाहिले. पुणे-कोल्हापूर रस्ता तिथे राष्ट्रीय महामार्ग ४ होता. पनवेलहून गोव्याकडे जाणारा १७. पुणे-नाशिक ५०. २०१० मध्ये केंद्राने महामार्गांना नवे क्रमांक दिले, त्यात ते अनुक्रमे ४८, ६६ आणि ६० झाले. तोंडी आपण सगळे अजून जुनेच म्हणतो, त्यामुळे यात काही बिघडले नाही, असे मी त्याला सांगितले. पण त्यात समृद्धी महामार्ग नव्हता आणि अटल सेतूही नव्हता. "ते नसलेलेच बरे," तो म्हणाला, "तिथे आपल्याला सोडतात कुठे?"

त्याच्या बोलण्यात खोच होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू, समृद्धी, सगळीकडे दुचाकीला मज्जाव. मोटारीसाठी बनवलेला ताजा, महागडा नकाशा मोटरसायकलला नेमका तिथेच नेऊन उभा करतो, टोलनाक्यावरून परत फिरायला. आपल्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा दुचाक्या कितीतरी जास्त, तरी रस्त्याच्या नोंदीत 'दुचाकीला बंद' हा एक रकाना भरायला फार वेळ लागला. गूगलने दुचाकीसाठी स्वतंत्र वाट दाखवण्याची सोय डिसेंबर २०१७ मध्ये आणली, ती जगात सर्वप्रथम भारतात. एवढ्या एका रकान्यासाठी पैसे मोजायला मी स्वतः तयार झालो असतो.

आता बहुतेक कंपन्यांनी नकाशा गाडीच्या पोटातून काढूनच टाकला आहे. २०१८च्या गोल्ड विंगवर होंडाने ॲपलच्या फोनचा नकाशा पडद्यावर दाखवण्याची सोय दिली, मोटरसायकलींत ती पहिली. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये 'मीटिऑर'वर छोटी गोल तबकडी बसवली, ती फोनमधल्या गूगलकडून फक्त पुढचे वळण विचारून घेते. २०२३च्या नव्या हिमालयनवर त्याच गोलात अख्खा नकाशा दिसतो, पण तो फोनचाच. नूतनीकरणाचे बिल नाही. फोनला रेंज नसली तर मात्र पंचाईत, आणि सह्याद्रीत ती कुठे नसते हे घाट चढणाऱ्याला सांगायला नको. विजेच्या स्कूटरवाल्यांनी नकाशा पुन्हा आत घेतला, आणि जुने भांडणही परत आले. जुलै २०२४ मध्ये ओलाने गूगल सोडून स्वतःचे नकाशे वापरत असल्याचे जाहीर केले. लगेच मॅपमायइंडियाच्या मूळ कंपनीने ओला इलेक्ट्रिकला कायदेशीर नोटीस पाठवली. स्कूटरच्या पडद्यासाठी २०२१ मध्ये करार करून दिलेली आमची नोंद तुम्ही उतरवून घेतलीत, असा तिचा आरोप. ओलाने तो साफ नाकारला. खरेखोटे काय ते मी ठरवू शकत नाही. पण ऑगिल्बीच्या खिशातल्या आवृत्त्या, ॲग्लो आणि त्या २ कोटी पौंडांनंतर या नोटिशीत मला नवे काही वाटले नाही. गूगलने त्याच महिन्यात भारतातल्या कंपन्यांसाठी आपले दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले.

इतिहासाच्या हौशी अभ्यासकाला यातली एक गोष्ट सलते. १६७५चा रस्ता आज पाहता येतो, १६९८ची न बदललेली आवृत्तीही पाहता येते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या आवृत्त्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने घरबसल्या पाहायला खुल्या केल्या आहेत. कागदी नकाशाची नवी आवृत्ती आली की जुनी माळ्यावर जाते. यंत्रातला नकाशा नवा झाला की जुना पुसला जातो. ओपनस्ट्रीटमॅप प्रत्येक बदलाची नोंद जपून ठेवते आणि ती कुणालाही पाहता येते. पण २००६ ते २०१५ या काळात खाजगी कंपन्यांनी आपले रस्ते कसे पाहिले, त्यात कुठले गाव होते, कुठल्या वाडीचा रस्ता कच्चा म्हणून वगळला होता, हे उद्या कुणाला शोधायचे झाले तर ते फक्त पैसे न भरलेल्या माणसांच्या गाड्यांत सापडेल. मी त्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवले आहे की यंत्र भंगारात द्यायचे झाले तर आधी माझ्याकडे आण. त्यातले रस्ते मी आता एकेक करून वहीत उतरवून घेतो आहे. पुणे जिल्हा झाला, सातारा सुरू आहे.